ज्याचं त्याचं डोकं

आमच्याकडं 'डोकं दुखतंय' एवढं म्हणून भागत नाही. तोंडातून शब्द निघायचा अवकाश, की समोरचा माणूस कारण हातात ठेवून मोकळा होतो. ऊन लागलं. पित्त चढलं. बीपी असंल, मोजून घ्या. चष्मा लागला. सायनस. दृष्ट. मी तर वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात कृषी सेवा केंद्र चालवतो, म्हणजे दिवसभर कीटकनाशकांच्या बाटल्यांत बसलेला माणूस. माझ्या बाबतीत कुणाला फार विचारही करावा लागत नसे.

काही वर्षं मी ही सगळी कारणं एकेक करून पालथी घातली. गंमत अशी की त्यातलं एकही कारण खोटं निघालं नाही. फक्त ते माझ्या नाही, दुसऱ्याच कुणाच्या डोक्याचं निघायचं.

दुखणं यायचं ते असं. सकाळपासून मान आखडलेली, जांभयांवर जांभया. मग उजव्या भुवईच्या वर ठणका सुरू व्हायचा आणि तासाभरात अख्खं उजवं कानशील नाडीबरोबर उडायला लागायचं. युरियाची ४५ किलोची बॅग उचलायला वाकलो की ठणका दुप्पट. समोरच्या पत्र्यावरची तिरीप सोसवेना म्हणून शटर अर्धं खाली ओढायचं. एरवी ज्या वासाची नाकाला सवय झालेली, तोच वास पोटात ढवळून काढायचा. शेवटी उलटी व्हायची, जरा हलकं वाटायचं, आणि अंधारात झोप लागली की उतरायचं. दुसऱ्या दिवशी दुखत नसे, पण अंगात जीवही नसे.

आईचं निदान ठरलेलं. "तू टायमावर जेवत नाही, मंग पित्त चढते. उलटी झाली का उतरते, पाह्य तूच." तिनं सहाणेवर सुंठ उगाळून कपाळावर लेप लावला. लेप चरचरतो, त्या चरचरीत ठणका थोडा विसरायला होतो, हे मान्य. मग कुणीतरी दूध-जिलेबी सांगितली. अर्धशिशीला सूर्य उगवायच्या आत दुधात जिलेबी खायची, हा उपाय आमच्याकडं सगळ्यांना माहीत असतो. आदल्या संध्याकाळी आर्वीहून जिलेबी आणायची, पहाटे ती मऊ पडलेली असायची. खायला चांगली लागली, त्यापलीकडं काही सांगण्यासारखं नाही.

गिऱ्हाइकांचं मात्र एकमत होतं. "भाऊ, हे दवाईचंच हाय. तुम्ही दिसभर त्या वासात बसता." ही भीती उगाच नाही. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकड्यांनी दवाखान्यात पडले. त्या वर्षी पराटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती. नोझल वर धरून मारायचं आणि तेच फवारं तोंडावर झेलायचं. तेव्हापासून बाटलीवरचा तो त्रिकोण मी गिऱ्हाइकाला बोट ठेवून दाखवतो. लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. बरेच जण मान हलवतात आणि तोंडाला दुपट्टाही न बांधता वावरात जातात.

एका हंगामात असाच एक मजूर फवारणी अर्धी टाकून धुऱ्यावर येऊन बसला. डोस्कं फुटते म्हणाला. घामानं निथळत होता, तोंडाला लाळ सुटलेली, समोरचं धूसर दिसत होतं. त्याचे कपडे काढून साबणानं अंग धुतलं आणि बाटलीसकट सरकारी दवाखान्यात नेलं. बाटली नेणं फार कामाचं ठरतं, कारण आत कुठलं औषध होतं ते डॉक्टरला लेबल वाचून लगेच कळतं. सेंद्रिय फॉस्फरस गटातलं कीटकनाशक शरीरातलं कोलिनेस्टरेज नावाचं विकर (एन्झाइम) अडवतं. मग घाम, लाळ, उलट्या, बारीक झालेल्या बाहुल्या आणि डोकेदुखी असं सगळं एकदम सुरू होतं. त्याला ॲट्रोपिन दिलं, तो सुधारला.

त्यानंतर मीही रक्तातलं कोलिनेस्टरेज तपासून घेतलं. नॉर्मल आलं. खरं तर रिपोर्टची गरज नव्हती. एप्रिल-मे महिन्यात, जेव्हा दुकानात फवारणीची एक बाटली विकली जात नाही, तेव्हाही माझं डोकं दुखायचंच. साळ्याच्या लग्नात अकोल्याला असतानाही दुखलं होतं. पण रिपोर्ट हातात असला की गिऱ्हाइकाचं तोंड बंद करता येतं.

चष्म्याची कथा आमच्या घरातच घडली. बायको शिलाईचं काम करते. संध्याकाळी काज-बटण करायला बसली की तिचं कपाळ आणि डोळ्यांच्या मागं जड व्हायचं. सुई ओवताना ती हात लांब लांब नेऊ लागली तेव्हा मी तिला तालुक्याला डोळे तपासायला नेलं, आणि आलोच आहे तर माझेही तपासून घेतले. तिला चाळिशी लागली होती. जवळचा चष्मा आला आणि तिचं संध्याकाळचं दुखणं गेलं ते गेलंच. मला अगदी मामुली नंबर निघाला. तो चष्मा लावून बसलो तरी उजवं कानशील आपल्या वेळेवर हजर.

बायकोचं दुसरं एक डोकेदुखीचं गणितही मला फार उशिरा कळलं. हरतालिकेला दुपारपासून तिचं डोकं धरायचं. मला वाटायचं उपाशीपोटी होत असेल. पण बाकीच्या उपासांना असं होत नसे. फरक चहाचा होता. बाकीच्या उपासांना चहा चालतो, हरतालिकेला ती चहासुद्धा घेत नाही. रोज पाच-सहा कप पिणाऱ्या माणसाचा चहा तुटला की १२ ते २४ तासांत डोकं दुखायला लागतं, चहा पोटात गेला की थांबतं. आता ती हरतालिकेच्या आधीच्या आठवड्यात कप कमी कमी करत आणते.

तालुक्याच्या एका खासगी डॉक्टरनं मला सायनस सांगितला. गालावर दाबून पाहिलं, एक्स-रे काढला, अँटिबायोटिक लिहून दिलं. दुखताना माझं उजवं नाक गळायचं आणि डोळ्यात पाणी यायचं, त्यामुळं मलाही ते पटलं. कोर्स संपला, दुखणं तसंच. तेवढ्यात माझ्या भाच्याला खरा सायनस झाला आणि मला फरक दिसला. त्याला ताप होता, नाकातून घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येत होता, फोडणीचा वास येत नव्हता, आणि गालाचं हाड दिवस-रात्र दुखत होतं. माझं चोवीस तासांत साफ व्हायचं. पू झालेला सायनस असा सकाळी येऊन रात्री घरी जात नाही.

राहिलं बीपी. प्राथमिक आरोग्य केंद्रात मोजलं तर चांगलं निघालं. तिथल्या सिस्टरनं सांगितलेली एक गोष्ट लक्षात राहिली. थोडंफार वाढलेलं बीपी बहुतेकांना काही जाणवू देत नाही, म्हणून डोकं दुखत नाही म्हणजे बीपी नाही असं समजून गोळी बंद करू नये. बीपीनं डोकं दुखायला ते एकदम फार चढावं लागतं.

गरोदर बाई मात्र वेगळी. आमच्या शेजारची पोरगी बाळंतपणाला माहेरी आली होती, आठवा महिना. सकाळपासून डोकं दुखतंय, डोळ्यांपुढं चमकतंय, असं आईला सांगत होती. आई म्हणाली, उन्हात आलीस म्हणून. मे महिना होता, आमच्याकडं पारा ४५ च्या पुढं जातो, तेव्हा तेही पटण्यासारखंच. पाण्यात मीठ-साखर घालून दिली. आशाताईनं तिचे सुजलेले पाय पाहिले आणि सरळ १०२ ला, अँब्युलन्ससाठी, फोन लावला. बीपी १७०/११० निघालं. गरोदरपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर १४०/९० लाच सावध व्हायचं असतं. हिला तर झटके यायची वेळ आली होती. मॅग्नेशियमचं इंजेक्शन देऊन जिल्ह्याला हलवलं. माय-लेकरू दोघंही नीट आहेत. पण त्या दिवशी लिंबूपाण्यावर दुपार काढली असती तर काय झालं असतं, हे आशाताई अजून त्या घराला ऐकवते. ऐकवावंच.

शेवटी मी सेवाग्रामला गेलो. आमच्या भागात काही उलगडेना झालं की माणूस तिकडंच जातो. कस्तुरबा दवाखाना जुना, आणि त्याला जोडून १९६९ मध्ये सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज काढलं. आर्वीहून पहाटेची यष्टी, मग वर्ध्याहून ऑटो. चिठ्ठी काढून ओपीडीत बसलो. माझ्या पोटात एकच विचार होता, आज सिटी स्कॅन करून घ्यायचा आणि सोक्षमोक्ष लावायचा. पैसेही तयारीनं आणले होते.

डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी यंत्राचं नाव काढलं नाही, नुसतं विचारत राहिल्या. किती वर्षांपासून? एका बाजूनं की दोन्ही? ठणकतं की आवळल्यासारखं होतं? किती तास राहतं? त्याआधी डोळ्यांपुढं नागमोडी चमकत्या रेघा येतात का? मग त्यांनी विचारलं, "दुखतं तेव्हा तुम्ही नेमकं काय करता?"

"शटर ओढून आडवा होतो, मॅडम. कुणी बोललं तरी नको वाटते."

त्यांनी हे लिहून घेतलं. त्यात काय लिहायचं, असं मी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं. ताणाची डोकेदुखी असलेला माणूस कुरकुरत का होईना, काम करत राहतो. त्याला डोक्याला पट्टा आवळल्यासारखं दोन्ही बाजूंनी होतं आणि उलटी होत नाही. ती सगळ्यात जास्त लोकांना असते. क्लस्टर नावाची एक जात आहे, एका डोळ्याच्या मागं असह्य दुखतं, डोळा लाल होऊन गळतो, १५ मिनिटांपासून तीन तासांपर्यंत चालतं, आणि त्यात माणूस पडून राहूच शकत नाही, येरझाऱ्या घालतो. अंधार शोधून निश्चल पडणारा तो बहुतेक अर्धशिशीचा, म्हणजे मायग्रेनचा. चार ते बहात्तर तास, एका बाजूला, ठणका, हालचालीनं वाढणारं, मळमळ, उजेड आणि आवाज नकोसा. माझं सगळं जुळत होतं. नाक गळणं आणि डोळ्यात पाणी येणंही त्यातच येतं. म्हणून अशा कितीतरी लोकांच्या गळ्यात सायनस पडतो.

"घरात आणखी कुणाला?" असं विचारल्यावर मला आई आठवली. तरुणपणी ती महिन्यातून एखाद-दुसरा दिवस कपाळाला फडकं करकचून बांधून माजघराच्या अंधारात पडलेली असायची. आम्हा पोरांना तेव्हा आवाज करायची बंदी. पाळी गेल्यावर तिचं ते थांबलं. म्हणजे ती आयुष्यभर ज्याला पित्त म्हणत आली, तेच पित्त तिनं मला दिलं होतं. मायग्रेन बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास तिप्पट आढळतो, त्यामुळं पुरुषाला तो व्हायचाच नाही असं लोक धरून चालतात.

मग तपासणी झाली. खोली अंधारी करून त्यांनी एका छोट्या बॅटरीसारख्या यंत्रातून माझ्या डोळ्यांच्या आत, पार मागच्या पडद्यापर्यंत पाहिलं. मेंदूवर दाब वाढला असेल तर तिथली नस सुजलेली दिसते. बोटानं स्वतःचं नाक, मग त्यांचं बोट शिवायला लावलं, एका रेषेत टाचेला पंजा लावून चालवलं, मान छातीकडं वाकवून पाहिली, कानशिलाची शीर चाचपली. सगळं ठीक होतं. आणि स्कॅनला त्यांनी चक्क नकार दिला. मला खरं सांगायचं तर राग आला. एवढ्या लांबून आलो, पैसे आणले, आणि बाई नुसतं नाकाला बोट लावायला सांगते!

तो राग बाहेरच्या बाकावर उतरला. माझ्या शेजारी एक म्हातारा मुलासोबत बसला होता. मुलगा सांगत होता, बैलबंडीवरून पडले, महिना होत आला. तेव्हा काहीच झालं नव्हतं, साधं टेंगूळ. आता रोज डोस्कं दुखते म्हणतात, बोलता बोलता शब्द चुकतात, दिवसभर गुंगीत असतात. त्यांना आत घेतलं आणि काही मिनिटांतच स्कॅनला पाठवलं. म्हाताऱ्या माणसाला साध्या पडण्यातूनही मेंदूच्या आवरणाखाली हळूहळू रक्त साठू शकतं, आणि ते कळायला काही आठवडे जातात. मॅडमनी मला नंतर स्कॅन कुणाला लागतो ते थोडक्यात सांगितलं. क्षणात आलेलं, जन्मात कधी झालं नव्हतं असं दुखणं. ताप आणि ताठ झालेली मान. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेली डोकेदुखी. एक हात किंवा पाय लुळा पडणं, झटका, बोबडी वळणं. दिवसागणिक वाढत जाणारं, खोकलं-शिंकलं की उसळणारं. आणि डोक्याला मार. यातलं काही असेल तर जिलेबी आणि सुंठ बाजूला ठेवून त्याच घडीला निघायचं.

माझ्या हाती आलं ते वेगळंच काम. दुखलं की कॅलेंडरवर खूण करायची, आणि आदल्या दिवशी काय झालं ते दोन शब्दांत लिहायचं. दुकानात खत कंपनीचं कॅलेंडर होतंच. त्याच्यावर मी आधीपासून एक गोष्ट लिहीत असे, वावरातली लाईन, म्हणजे वीज, दिवसा आहे की रात्री. आमच्याकडं शेतीची लाईन पाळीनं येते, आणि रब्बीत हरभऱ्याला पाणी द्यायचं तर रात्रीच्या पाळीत थंडीत जागावं लागतं. मोटरला ऑटो बसवलेला आहे, ती आपोआप चालू होते. पण स्प्रिंकलरचे पाइप आपोआप सरकत नाहीत.

हिवाळा संपता संपता कॅलेंडर समोर घेऊन बसलो तर डोक्याच्या खुणा जवळपास सगळ्या रात्रीच्या पाळीला चिकटून. नेमक्या जागरणाच्या रात्री नाही, तर दुसऱ्या दिवशी, उशिरा उठून न्याहारी न करता दुकान उघडलं की. उन्हाळ्यातल्या खुणा लग्नांच्या होत्या. भर दुपारचं ऊन, साडेतीनला जेवण, बँडचा आवाज. म्हणजे आईचं 'टायमावर जेवत नाही' हे बरोबरच होतं. दवाईचा वास मूळ कारण नव्हता, पण दुखणं यायच्या बेतात असलं की तो त्याला धक्का द्यायचा.

मॅडमनी दोन प्रकारचं औषध दिलं. एक दुखणं सुरू होताच घ्यायचं, वाट न बघता. मायग्रेनमध्ये पोटाची हालचाल मंदावते, म्हणून ठणका शिगेला पोचल्यावर घेतलेली गोळी तशीच पडून राहते आणि उलटीतून बाहेर येते. दुसरी रोजची, प्रोप्रॅनोलॉलची, दुखणं येऊच नये म्हणून. ती देण्याआधी दमा आहे का ते नीट विचारलं, नाडी मोजली, आणि मनानं अचानक बंद करायची नाही असं बजावलं. दीड-दोन महिने घेतल्याशिवाय गुण आला की नाही ते बोलायचं नाही. आणि दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी औषध लागू पडलं असं धरायचं. पार जाईल असं त्यांनी एकदाही म्हटलं नाही, हे मला आवडलं. आमच्याकडं हमी देणारे फार भेटतात.

दिवस निम्म्याच्या खाली आले आहेत. रात्रीच्या पाळीला आता मी आणि पुतण्या आलटून पालटून जातो, आणि दुकान उघडायच्या आधी भाकर खातो. सौरपंपाचा अर्ज भरलाय. तो मंजूर झाला तर पाणी दिवसाच देता येईल. डोकेदुखीवर इलाज म्हणून सौरपंप मागणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

समोरच्या पानठेल्यावर बसणाऱ्या काकांचं प्रकरण मात्र अजून चालू आहे. ते रोज सकाळी चहा, खर्रा आणि एक डोकेदुखीची गोळी, या क्रमानं दिवस सुरू करतात. गोळी नाही घेतली तर डोकं दुखतं, म्हणून गोळी. मी मॅडमना मुद्दाम त्यांच्याबद्दल विचारलं होतं. साधी वेदनाशामक गोळी महिन्यात १५ दिवस किंवा जास्त, एकाहून जास्त औषधं एकत्र असलेल्या मिश्र गोळ्या १० दिवस किंवा जास्त, असं तीन महिन्यांच्या वर चाललं की गोळीच डोकेदुखी तयार करायला लागते. काकांचे तर महिन्याचे तीसही दिवस गोळीचे. ती थांबवली की पहिले काही दिवस दुखणं आणखी वाढतं, मग ओसरत जातं. मी त्यांना हे सगळं सांगितलं, सेवाग्रामला येण्याबद्दलही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि गोळी बंद केली. तिसऱ्या दिवशी दुकानात आले ते डोळे तांबारलेले, कपाळाला दुपट्टा बांधून.

"तुह्या त्या डॉक्टरनीले सांग," म्हणाले, "माह्यं डोस्कं आधी बरं होतं."

"काका, वाढते म्हणून सांगितलंच होतं ना? सोमवारी मी चाललोच हाय, तुम्ही चला संगं."

"यष्टीत डोस्कं दुखते मले," म्हणाले. पण तिकिटाचे पैसे किती लागतात ते विचारून गेले.